अंदमानच्या प्रवाळबेटावर सहकुटुंब: कोणी काय करावं, घरून काय शिकून जावं?

बफर_चिमूर

नमस्कार जी. तूर निघाली की फेब्रुवारीत घरच्यांना घेऊन अंदमानला जायचं पक्कं झालंय. नागपूरहून कोलकात्यामार्गे पोर्ट ब्लेअर (आता श्री विजय पुरम), तिथून जहाजानं स्वराज द्वीप, म्हणजे आधीचं हॅवलॉक. समुद्राकाठच्या रिसॉर्टवर चार रात्री. त्यांच्या यादीत स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून वरून तरंगत पाहणं), नवख्यांसाठी स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन डुबकी), सी वॉक (हेल्मेट घालून तळाशी चालणं), काचेच्या तळाची बोट, रात्रीचं कयाकिंग आणि ओहोटीच्या वेळची किनारा-फेरी आहे.

माणसं अशी: आई ६४ वर्षांची, बीपीची गोळी सुरू. मी आणि बायको चाळिशीत, मला उणे ३ चा चष्मा. धाकटा भाऊ, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारा. पोरगी १२ ची, पोरगा ८ चा. भाऊ आणि मी विहिरीत पोहतो, बाकी कोणाला पोहता येत नाही.

ताडोबाचे नियम अंगवळणी पडलेत: जिप्सीतून उतरायचं नाही, आवाज नाही, जनावराची वाट अडवायची नाही. पाण्याखाली यातलं काय लागू होतं? कोणी काय करावं, जाण्याआधी कशाचा सराव करावा, कोणत्या जीवापासून जपावं? जाणकारांनी नीट सांगावं.

---

खारं_पाणी

भाऊ, तुमचे नियम सगळेच लागू होतात, फक्त तिथं जिप्सी नसते. तुमचं शरीरच गाडी. ते स्थिर तरंगत असेल तर मासे दोन मिनिटांत आपल्या कामाला लागतात आणि सगळं दिसतं. हातपाय झाडणाऱ्याला फक्त फेस आणि पळणाऱ्या शेपट्या दिसतात. म्हणून पैसे कशावर घालायचे हे ठरवण्याआधी मास्क लावून पालथं तरंगायला शिका.

विहिरीत पोहणाऱ्यांची अडचण वेगळीच असते. मान वर, हात जोरात, पाय सायकल मारल्यासारखे. स्नॉर्केलिंगला याच्या नेमकं उलट लागतं: तोंड पाण्यात, हात अंगालगत किंवा छातीवर बांधलेले, पाय मांडीपासून सावकाश हलवायचे, गुडघा फार वाकवायचा नाही. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं, त्यामुळे तिथं विहिरीपेक्षा जास्त तरंगता. वर लाइफ जॅकेट असतंच. बुडण्याची भीती कमी झाली की उरतो तो श्वास.

श्वासाचा सराव घरी होतो. साधा मास्क आणि नळी मागवा. मोठ्या टबात किंवा घंगाळात पाणी घ्या, खुर्चीवर बसून तोंड पाण्यात घाला आणि फक्त तोंडानं श्वास घ्या. पहिल्या मिनिटाला नाक आपोआप ओढायला लागतं आणि जीव घाबरतो. रोज दहा मिनिटं, आठवडाभर केलं की ही भीती जाते. श्वास लांब आणि सावकाश घ्या. उथळ, भरभर श्वास घेतला तर नळीतली वापरलेली हवाच पुन्हा आत जाते आणि डोकं जड होतं. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क सोपे वाटतात, पण त्यात हीच अडचण वाढते आणि पाणी शिरलं तर पटकन काढता येत नाहीत. दोन भागांचा साधा मास्कच बरा.

मास्क बसतो का ते पाहायला पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. गळण्याची दोन मोठी कारणं म्हणजे कडेत अडकलेले केस आणि मिशी. मिशी पूर्ण काढायची गरज नाही, नाकाखालची बोटभर पट्टी बारीक केली तरी पुरतं. पट्टा करकचून आवळला की गळणं वाढतं, कारण सिलिकॉनची कड दुमडते. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. साधी टूथपेस्ट बोटानं आतून घासून धुवा, नाहीतर कितीही पुसलं तरी धुकं धरणार. पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून हलकं खंगाळायचं.

आत पाणी शिरलं तर वर येऊन मास्क काढू नका. वरची कड कपाळावर दाबा, नजर थोडी वर करा आणि नाकानं फुंका, पाणी खालून निघून जातं. नळीत पाणी आलं तर 'टू' म्हणत एकदाच जोरात फुंका. या दोन गोष्टी टबातच पक्क्या करा.

चष्म्याचं: उणे नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, पण सगळ्या केंद्रांवर सगळे नंबर नसतात. बुकिंग करतानाच नंबर कळवा. तेवढाच नंबर नसेल तर अर्ध्या नंबरानं कमी, म्हणजे तुम्हाला उणे अडीच, चालतो, कारण पाण्यात वस्तू एक तृतीयांश मोठी आणि पाऊण अंतरावर दिसते.

आता माणसागणिक. आईंसाठी काचेच्या तळाची बोट, सकाळी ऊन वर चढल्यावर आणि वारा उठायच्या आत. तिरप्या उन्हात काचेवर चमक येते आणि खालचं काही दिसत नाही. ८ वर्षांच्या पोराला नवख्यांचा स्कूबा नाही, त्याला किमान वय १० आहे. लहानसं जॅकेट घालून रबरी रिंग धरून मार्गदर्शकासोबत स्नॉर्केलिंग करू द्या, पण आधी त्याच्या मापाचा मास्क आहे का विचारा. मोठ्यांचा मास्क पोराला लावला तर तो गळणारच, आणि पहिल्याच डुबकीत पोरगं घाबरलं की पुन्हा उतरत नाही. पोरगी स्कूबा करू शकते. सी वॉकमध्ये हवा भरलेलं जड हेल्मेट डोक्यावर ठेवून साधारण ५ ते ७ मीटरवर तळाशी चालवतात, चेहरा कोरडा राहतो, त्यामुळे न पोहणाऱ्यांना आणि चष्मेवाल्यांना चालतं. पण कान तितकेच दुखतात, हे लोकांना वर सांगत नाहीत.

कानाचं नीट समजून घ्या. पृष्ठभागावरून १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, आणि सगळ्यात जास्त त्रास पहिल्या काही मीटरांतच. दुखायच्या *आधी*, दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं किंवा गिळायचं. दुखायला लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते. दुखलं तर एक मीटर वर या, पुन्हा करा, नाही जमलं तर त्या दिवशी सोडून द्या. सर्दी असेल तर उतरूच नका.

नवख्यांच्या स्कूबाला खोलीची मर्यादा १२ मीटर असते. तिथं एकच गोष्ट कधीच करायची नाही: श्वास रोखणं. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. आधी विचारा की पाण्यात एका नवख्यामागे एक प्रशिक्षक आहे का, आणि उतरण्यापूर्वी उथळ पाण्यात मास्क व नळीचा सराव घेतात का. 'नाही' म्हणाले तर दुसरं केंद्र पाहा.

---

यवतमाळचा_पोट्ट्या

भाऊ, दोन गोष्टी मीबी सांगतो, कारण त्या आपल्याकडच्याच हायेत.

पयली. सरावासाठी शेततळ्यात अजिबात उतरू नका. प्लास्टिकचं अस्तर ओलं झालं का शेवाळानं तेलावानी गुळगुळीत होते, चढ तिरपा, धराले काहीच नाई. चांगला पोहणारा माणूस बी बाहेर निघू शकत नाई. दरवर्षी पोट्टे जातात त्याच्यात. जिल्ह्याच्या ठिकाणचा जलतरण तलाव पाहा, तिथं तासाचे पैसे भरा आन छातीभर पाण्यातच मास्क लावून तरंगा. नसन जमत तं टबावर भागवा.

दुसरी खर्ऱ्याची. स्नॉर्केल आन स्कूबाचं रबरी तोंडपीस दातात धरून ठेवाले तोंड नीट उघडावं लागते. खर्ऱ्यानं ज्याचं तोंड आवळत आलं असन त्याचा जबडा पाच मिनटात भरून येते, मंग कडेनं पाणी शिरते. भावाले आत्ताच तपासून घ्या: स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? नाई गेली तं समुद्र बाजूले ठेवून आधी दातांच्या डॉक्टरकडं न्या. तिथं पाण्यात थुंकणं, खर्ऱ्याची पन्नी टाकणं हे बिलकुल नाई. पन्नी तरंगते आन कासव तिले जेलीफिश समजून गिळते.

---

प्रवाळवेडा

जनावरांचं सांगतो, कारण खरी मजा तिथंच आहे.

आधी पायाखालचं. दगड वाटतो तो जिवंत प्रवाळ असू शकतो. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात, गोल ढिगाऱ्यासारखे एखाद-दोन सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी. त्यावर उभं राहिलं की कित्येक वर्षांचं काम एका टाचेखाली जातं. दमलात तर पाठीवर उलटे होऊन तरंगा, उभे राहू नका. बहुतेक मोडतोड फिन्सच्या (पायात घालायच्या रबरी वल्ह्यांच्या) टोकानं होते, कारण नवखा माणूस उभा होतो आणि पाय खाली झाडतो. पाणी कमरेइतकं असेल तिथं प्रवाळावर जायचंच नाही.

कासव. हिरवं कासव समुद्रगवत खातं, चोचवालं हॉक्सबिल मुख्यतः स्पंज. चरताना ते दर काही मिनिटांनी श्वासाला वर येतं. त्याच्या डोक्यावर तरंगत राहिलात तर त्याची वर यायची वाट अडते. बाजूनं राहा, किमान ३ मीटर अंतर, मागून पाठलाग नाही. स्थिर राहिलं की ते स्वतःच जवळून जातं.

विदूषक मासा आणि समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी). हा मासा समुद्रफुलाच्या डंखाऱ्या बोटांत राहतो. तुम्ही जवळ गेलात की अंगावर धावतो, करत काही नाही. या माशांच्या कुटुंबात सगळ्यात मोठी एकच मादी असते. ती मेली की तिच्या खालचा नर स्वतः मादी होतो.

पोपटमासा. पाण्यात कान दिले तर कटकट आवाज येतो, तो हाच. चोचीनं प्रवाळाचा दगड खरवडतो, शेवाळ खातो आणि दळलेली वाळू मागून सोडतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो.

मोरे ईल. बिळातून डोकं काढून तोंड उघड-मीट करते. ती धमकी नाही, श्वास आहे. बिळात बोट घातलं तर मात्र चावते.

टायटन ट्रिगरफिश. सावध राहायचा असेल तर याच्यापासून, शार्कपासून नव्हे. अर्ध्या मीटरहून मोठा, जाड दातांचा. वाळूतल्या घरट्यावर पहारा देत असतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाते, नाक्याच्या पानटपरीवर कागदाचा पुडा कोनासारखा वळतात तशी. म्हणून वर पळालात तर हद्दीतच राहता. आडवे लांब जा, पाय त्याच्याकडे ठेवून, म्हणजे चावला तरी फिनला चावेल.

समुद्रसाप. निळसर अंगावर काळे पट्टे, ओठ पिवळा, शेपटी वल्ह्यासारखी चपटी. किनाऱ्यावरच्या खडकांतही येतो, विश्रांतीला आणि अंडी घालायला. आपल्या मण्यारीसारखाच मज्जासंस्थेवर चालणारं विष असलेला, पण स्वभावानं शांत. हात लावला नाही तर चावल्याच्या घटना फारच विरळ. खडकांच्या फटीत हात घालू नका, एवढंच.

मगर. हे कुणी माहितीपत्रकात छापत नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे. खारफुटीच्या खाड्यांची तोंडं, पहाट आणि संध्याकाळ टाळा. फलक लावलेल्या जागी गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही. वाघाच्या पाणवठ्यावर रात्री जात नाही ना, तसंच समजा.

माशांना पाव, बिस्किट टाकणारे बोटवाले भेटतील. स्पष्ट नको म्हणा. त्यामुळे दोन-तीन दांडगे मासे जमतात, बाकीचे हाकलले जातात, शेवाळ खाणारे मासे शेवाळ खाणं सोडतात आणि प्रवाळावर शेवाळ माजतं. शिवाय चारा मिळण्याची सवय झालेला मासा पुढच्या माणसाच्या बोटाला चावतो.

सनस्क्रीन कमी लावा, कपडा जास्त घाला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्यं प्रवाळाच्या पिल्लांना मारक ठरल्यामुळे हवाईत २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. लेबल वाचून झिंक ऑक्साइडवालं घ्या.

आणि प्रवाळ पांढरे दिसले तर 'किती सुंदर' म्हणू नका. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशानं जास्त, काही आठवडे तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतो आणि आतला सांगाडा दिसतो. तो उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाहीतर मरतो. १९९८, २०१०, २०१६ ही भारतीय समुद्रांसाठी तशी वाईट वर्षं होती.

---

बफर_चिमूर

फार उपकार झाले. भावाची तीन बोटं आजच तपासतो. आता तारखांचं सांगा. भरती-ओहोटीचं पंचांगावरून ठरतं ना? फेब्रुवारीत आठवडा निवडायची मोकळीक आहे. रात्रीचं कयाकिंग पोरांना चालेल का?

---

खारं_पाणी

हो, तिथीवरूनच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण: भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते, अंदमानात हा फरक सुमारे २ मीटर. पाणी जास्त हलतं म्हणून प्रवाह जोरात आणि गढूळपणाही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग: फरक कमी, पाणी शांत. नवख्यांच्या स्नॉर्केलिंगला अष्टमीचे दोन-तीन दिवस उत्तम.

पण रात्रीच्या कयाकिंगचं उलट आहे. खारफुटीतलं पाणी वल्ह्यासरशी निळसर चमकतं ते सूक्ष्म जीवांमुळे, आणि ते दिसायला अंधार लागतो. पौर्णिमेला पैसे वाया. म्हणून कृष्ण पक्षातल्या अष्टमीच्या दिवशी पोचा. पहिल्या दोन दिवसांत पाण्यातलं सगळं उरका. चौथ्या रात्रीपर्यंत एकादशी येते, तेव्हा चंद्र उत्तररात्रीच उगवतो आणि संध्याकाळचा अंधार पूर्ण मिळतो. १२ च्या पोरीला दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसवा. ८ च्या पोराला केंद्राची वयाची अट विचारून मगच. जॅकेटवर शिट्टी हवी आणि वाटाड्या खाडीतली मगरीची खबर रोज घेतो का, हे विचारा.

भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातलं तिथीचं गणित अंदमानला लावू नका, वेळा वेगळ्या आहेत. रिसॉर्टच्या फळ्यावरचा तक्ता पाहा. स्वराज द्वीपच्या पूर्वेकडचे किनारे, विजयनगर आणि गोविंदनगर, ओहोटीला खूप लांबवर उघडे पडतात. नुसते खडक आणि डबकी, पोहता येत नाही. रिसॉर्ट त्या बाजूला असेल तर पोहणं भरतीला, फेरी ओहोटीला.

ओहोटीच्या फेरीला जाड तळाचे बूट घाला, चप्पल नाही. वाळूच्या पट्ट्यावरून पाय घासत चाला म्हणजे लपलेला स्टिंग रे (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतो. पाय वर उचलून टाकला तर नेमका त्याच्यावर पडतो. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार जिवंत शंख उचलू नका, त्याचा विषारी दात कपड्यातूनही लागतो आणि त्यावर उतारा नाही. पाणी परत फिरायच्या अर्धा तास आधी किनाऱ्याकडे वळा.

घड्याळाचं एक लक्षात असू द्या. तिथं फेब्रुवारीत पावणेसहाच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि साडेपाचलाच मावळतो. चिमूरच्या हिशेबानं आठला उठलात तर सकाळचं शांत पाणी निघून गेलेलं असतं. पहाटे साडेपाचला तयार राहा.

---

मेडिकलवाला_पुसद

आरोग्याचं थोडक्यात.

४५ च्या पुढे आणि बीपीची गोळी सुरू असेल तर स्कूबाच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही मागतात. आईंना स्कूबा आणि सी वॉक दोन्ही नको. दमा, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, हृदयविकार, गरोदरपण यापैकी काही असेल तर फॉर्मवर लपवू नका.

स्कूबानंतर विमान: एकच डुबकी असेल तर १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास थांबायचं. म्हणून स्कूबा परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका.

जहाजात उलटीसाठी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर उपयोग कमी. तिनं गुंगी येते, त्याच दिवशी स्कूबा असेल तर प्रशिक्षकाला सांगा. बसायला खालचा मजला, मधली जागा, नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात.

काटा लागला तर (स्टोनफिश, लायनफिश, स्टिंग रे, सी अर्चिन) जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवा. ४५ अंशांच्या वर नाही, आणि पाणी आधी दुसऱ्या, धड हातानं तपासायचं, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. उष्णतेनं वेदना उतरतात. मग दवाखान्यात जा, काटा आत मोडलेला असू शकतो. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. व्हिनेगर ओता, धागे चिमट्यानं काढा. प्रवाळानं खरचटलं तर कण राहू न देता स्वच्छ पाण्यानं धुवा. ती जखम लवकर चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का ते इथूनच पाहून जा. संध्याकाळी वाळूवर बारीक माश्या चावतात, पूर्ण पायघोळ घालून चटईवर बसा. खाजवलं की आठवडाभर जात नाही.

---

उमरेडची_ताई

दादा, वहिनींसाठी आणि पोरीसाठी. सुती सलवार, ओढणी पाण्यात जड होते आणि पायात अडकते. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टॉप आणि घोट्यापर्यंतची लेगिंग घ्या, त्यानं उन्हाचाही प्रश्न सुटतो. केसांची घट्ट वेणी, क्लिप नको. मंगळसूत्र, पैंजण, जोडवी खोलीवर. चमकणारी वस्तू पाहून काही मासे टोचा मारतात, आणि हरवली तर सापडत नाही.

शंख, प्रवाळाचा तुकडा, वाळूतली मेलेली कवडीसुद्धा पिशवीत नको. रिकाम्या शंखात खेकडे राहायला येतात, त्यांचं तेच घर. वाघाला १९७२ च्या ज्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्याच कायद्यात प्रवाळ आणि समुद्री कासवं येतात, आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत हे सापडतं. दुकानातून घ्यायचंच तर परवानाधारक दुकान आणि पावती जपून ठेवा.

हिवाळ्यात काही किनाऱ्यांवर कासवं रात्री अंडी घालायला येतात. दिसलंच कासव तर टॉर्च बंद, समोर जायचं नाही. खड्डा खणून अंडी पडायला लागेपर्यंत लांब बसून राहायचं. उजेड दिसला की ती न घालताच परत फिरते. वनखात्याचा माणूस सोबत असेल तर तो सांगेल तेव्हाच जवळ, तेही लाल दिव्यात आणि मागच्या बाजूनं.

मोबाइलची प्लास्टिक पिशवी नेणार असाल तर आधी घरी आत टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत दाबून ठेवा. कोरडा निघाला तरच मोबाइल घाला. पाण्याखाली स्क्रीन बोटाला दाद देत नाही, म्हणून आवाजाच्या बटणावर फोटो निघेल असं सेटिंग आधीच करून ठेवा.